एल्मेंडॉर्फ सी-१७ विमान अपघात

एल्मेंडॉर्फ सी-१७ विमान अपघात : (२८ जुलै २०१०). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या (अ. सं. सं.) हवाई दलातील सी-१७ ग्लोबमास्टर-३ या जड वाहतूक विमानास सरावाच्या उड्डाणात झालेला अपघात. अलास्का राज्यातील अँकरेज शहरालगतच्या एल्मेंडॉर्फ-रिचर्डसन या संयुक्त सैनिकी तळावर तो घडला. विमानातील चौघेही कर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले. सी-१७ जातीच्या विमानाचा हा पहिलाच प्राणघातक अपघात होय. विमानात कोणताही यांत्रिक बिघड नसताना, अनुभवी वैमानिकाच्या हातून, दिवसाउजेडी व स्वतःच्याच तळावर तो घडला. त्यामुळे सैनिकी प्रशिक्षणातील शिस्त, धोक्याच्या सूचनांविषयीची सवय आणि पर्यवेक्षण यांच्या अभ्यासात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे.

विमान : सी-१७ हे चार झोतयंत्रांवर चालणारे, पंख धडाच्या वरच्या बाजूस असलेले विमान आहे. त्याचे पहिले उड्डाण १५ सप्टेंबर १९९१ रोजी झाले आणि १९९५ च्या आरंभी ते अमेरिकी हवाई दलात प्राथमिक स्वरूपात कार्यरत झाले. त्याची लांबी सु. ५३ मी. व पंखांचा विस्तार सु. ५२ मी. असून उड्डाणसमयीचे त्याचे कमाल वजन सु. २६५ टन भरते. रणगाडा किंवा अवजड तोफा यांसारखा सु. ७७ टनांपर्यंतचा माल ते वाहून नेऊ शकते. असे असूनही सु. एक किमी. लांबीच्या, अपुऱ्या सोयींच्या धावपट्टीवर ते उतरू शकते. जुन्या वाहतूक विमानांतील चाकासारख्या सुकाणूऐवजी या विमानात लढाऊ विमानांप्रमाणे नियंत्रण-दांडा आहे. वैमानिकाच्या हालचालींचे संदेश संगणकामार्फत नियंत्रण-पृष्ठांपर्यंत पोहोचतात. दोन वैमानिक आणि ‘लोडमास्टर’ या नावाने ओळखला जाणारा मालभरणीचा जाणकार एवढ्या तिघांवर हे विमान चालविता येते. आकाराच्या मानाने ते अतिशय चपळ आहे. ही चपळाई हा त्याचा गुण असला, तरी विमानाच्या मर्यादांविषयी फसवी खात्री उत्पन्न करण्यासही ती कारणीभूत ठरू शकते.

पार्श्वभूमी : एल्मेंडॉर्फ येथे सी-१७ विमाने २००७ मध्ये आली. नियमित हवाई दल आणि अलास्का राज्याचे हवाई राष्ट्रीय रक्षक दल या दोहोंचे कर्मचारी ती संयुक्तपणे चालवीत. ‘आर्क्टिक थंडर’ हे विमानांचे सार्वजनिक प्रदर्शन या तळावर जुलै २०१० च्या अखेरीस व्हावयाचे होते. त्यात सी-१७ च्या क्षमतेचे प्रात्यक्षिक दाखविले जाणार होते आणि २८ जुलैचे उड्डाण हा त्याचाच सराव होता. विमानात वैमानिक, सहवैमानिक, सुरक्षा निरीक्षक म्हणून बसलेला तिसरा वैमानिक आणि लोडमास्टर असे चौघे होते. त्यांपैकी तिघे राष्ट्रीय रक्षक दलाचे, तर एक नियमित हवाई दलाचा होता.

प्रदर्शनातील उड्डाण आणि वाहतूक विमानाचे नित्याचे काम यांत मोठे अंतर असते. नित्याच्या कामात माल व माणसे सुरक्षित पोहोचविणे हे उद्दिष्ट असते आणि वेग, उंची व कल यांत पुरेशी सूट राखली जाते. प्रदर्शनात मात्र विमान प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावे लागते. त्यामुळे उंची कमी राहते, वळणे आखूड होतात आणि दोन हालचालींमधील अवकाश थोडा उरतो. अशा वेळी विमान बहुधा मालाविना उडविले जात असल्याने ते हलके असते व तीव्र चढण सहज घेते. परंतु हलकेपणामुळे हवेचे नियम शिथिल होत नाहीत, केवळ मर्यादा थोड्या पुढे सरकतात.

घटनाक्रम : स्थानिक वेळेनुसार सायंकाळी सु. ६ वाजून २२ मिनिटांनी विमानाने धावपट्टी क्र. ०६ वरून उड्डाण केले. वैमानिकाने विमानाचे नाक क्षितिजाशी सु. ४०° चा कोन करील इतके वर उचलले व तीव्र चढण घेतली. जमिनीपासून सु. २६० मी. उंचीवर विमान समपातळीत आणण्यात आले. यानंतर ठरलेल्या क्रमानुसार विमान प्रथम डावीकडे ८०° वळवून लगेच उजवीकडे २६०° वळवावयाचे होते. या दोन वळणांतील फरक १८०° चा असल्याने विमानाची दिशा नेमकी उलट होते आणि ते ज्या रेषेवरून गेले, त्याच रेषेवर परत येते. प्रेक्षकांसमोरून पुन्हा जाण्यासाठी ही युक्ती सोयीची असते.

डावे वळण पूर्ण होताच वैमानिकाने विमान जोराने उजवीकडे कलविले. कल वाढत असतानाच विमानातील इशारा-यंत्रणा कार्यान्वित होऊन पंखांची उचल लवकरच नाहीशी होणार असल्याची सूचना मिळाली. अशा वेळी करावयाची कृती उड्डाणपुस्तिकेत स्पष्टपणे दिलेली असते. वैमानिकाने ती न करता ठरलेले वळण तसेच चालू ठेवले. थोड्याच सेकंदांत विमानाची उचल ढासळली. उजवीकडील कल वाढत जाऊन ८२° पर्यंत पोहोचला, म्हणजे पंख जवळजवळ उभे झाले आणि विमान मिनिटाला सु. २,७०० मी. या वेगाने खाली येऊ लागले. वैमानिकाने अखेरीस विमान सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु त्याची पद्धत चुकीची होती व तोवर सावरण्यास पुरेशी उंचीही उरली नव्हती. धावपट्टीच्या वायव्येस असलेल्या वनात विमान कोसळून पूर्णपणे नष्ट झाले. अलास्का रेल्वेच्या मार्गाच्या काही भागाचीही हानी झाली. जमिनीवर कोणीही दगावले नाही. उड्डाणापासून अपघातापर्यंतचा काळ जेमतेम एका मिनिटाचा होता. नष्ट झालेल्या विमानाची किंमत १८ कोटी ४५ लाख डॉलरांहून अधिक होती.

वायुगतिकीय कारणमीमांसा : विमानाच्या पंखावर मिळणारी उचल ही विमानाचा वेग आणि आघात कोन, म्हणजे पंख व समोरून येणारा हवेचा प्रवाह यांमधील कोन, यांवर अवलंबून असते. आघात कोन वाढविला की उचल वाढते. परंतु ही वाढ एका ठराविक कोनापर्यंतच होते. त्यापुढे पंखाच्या वरच्या पृष्ठावरील हवेचा प्रवाह पृष्ठाला धरून न राहता सुटा होतो व उचल एकदम घटते. या अवस्थेस ‘स्टॉल’ असे म्हणतात. मोटारगाडीचे यंत्र बंद पडण्याशी या अवस्थेचा काहीही संबंध नाही. विमानाची चारही यंत्रे पूर्ण शक्तीने चालू असतानाही ती उत्पन्न होऊ शकते.

समपातळीत सरळ उडणाऱ्या विमानात पंखांची उचल विमानाच्या वजनाइतकी असावी लागते. वळताना विमान कुशीवर कलते. त्यामुळे उचलीचा काही भाग विमान वळविण्यात खर्च होतो आणि उरलेल्या भागावर विमानाचे वजन तोलावे लागते. म्हणून उंची न गमावता वळावयाचे असेल, तर एकूण उचल वाढवावी लागते. ३०° च्या कलास ती वजनाच्या १.१५ पट, ४५° ला १.४१ पट, तर ६०° ला २ पट लागते. ज्या वेगाखाली स्टॉल होतो तो वेग या पटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग ताशी २०० किमी. असेल, तर ६०° कललेल्या त्याच विमानाचा स्टॉल ताशी सु. २८० किमी. वेगालाच होतो. ८०° च्या कलास समपातळी राखण्यासाठी वजनाच्या जवळजवळ पावणेसहा पट उचल लागेल. एवढा भार सोसण्यासाठी वाहतूक विमानांची रचनाच केलेली नसते. म्हणजे कल वाढविणे, वेग मर्यादित ठेवणे आणि उंची टिकविणे या तिन्ही गोष्टी एका मर्यादेपलीकडे एकाच वेळी साधत नाहीत.

स्टॉलमधून बाहेर पडण्याचा उपाय तत्त्वतः सोपा आहे. दांडा पुढे करून आघात कोन कमी करावयाचा, पंख समपातळीत आणावयाचे आणि वेग पुन्हा मिळवावयाचा. मात्र या कृतीत विमान काही काळ खाली येणे अपरिहार्य असते. पुरेशी उंची असेल तर हे नुकसान परवडते. २६० मी. उंचीवरून मिनिटाला २,७०० मी. या वेगाने खाली येणाऱ्या वस्तूस जमीन गाठण्यास सु. सहा सेकंद पुरतात. जमीन समोर दिसत असताना नाक आणखी खाली करणे हे माणसाच्या स्वाभाविक प्रवृत्तीविरुद्ध असते. म्हणूनच वैमानिकाने स्टॉल झाल्यावर नव्हे, तर स्टॉलची पहिली सूचना मिळताच कृती करावी, असा प्रशिक्षणाचा मूलभूत नियम आहे. इशारा-यंत्रणा याच अल्प काळासाठी असते. ती सूचना देते, निर्णय मात्र वैमानिकालाच घ्यावा लागतो.

चौकशी : अमेरिकी हवाई दलात अशा अपघातांची दोन स्वतंत्र अंगांनी चौकशी होते. एक चौकशी सुरक्षेपुरती मर्यादित असते व तिच्यातील जबाब गोपनीय राहतात, कारण दोष कोणाचा हे ठरविण्यापेक्षा पुढील अपघात टाळणे हा तिचा हेतू असतो. दुसरी चौकशी अपघात-अन्वेषण मंडळ करते आणि तिचा अहवाल जाहीर होतो. प्रस्तुत अपघाताविषयीचा असा अहवाल डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

अपघाताचे कारण वैमानिकाची चूक हे असल्याचा निःसंदिग्ध निष्कर्ष मंडळाने काढला. वैमानिकाने नियम व उड्डाणपुस्तिकेतील अनेक कार्यपद्धती डावलून विमान त्याच्या विहित मर्यादांबाहेर नेले होते आणि विमान स्टॉल होत असल्याचे त्याच्या ध्यानात आले नाही. सहवैमानिक व सुरक्षा निरीक्षक यांनाही वाढत्या धोक्याची जाणीव झाली नाही व त्यांनी वेळीच हस्तक्षेप केला नाही. उड्डाणकक्षातील कर्मचाऱ्यांनी एकमेकांस विचारावयाचे ठरीव प्रश्न व त्यांची उत्तरे यांतही त्रुटी आढळल्या.

एवढ्यावरच न थांबता मंडळाने अपघातास हातभार लावणाऱ्या इतर बाबीही नमूद केल्या. एकाच गोष्टीवर खिळलेले लक्ष, फाजील आत्मविश्वास, पूर्वग्रहित अपेक्षा, चुकीच्या दिशेने वळलेली प्रेरणा, कार्यपद्धतींविषयीचे अपुरे मार्गदर्शन आणि या प्रदर्शन-कार्यक्रमावरील ढिले पर्यवेक्षण या त्या बाबी होत.

यांपैकी ‘अपेक्षा’ ही बाब विशेष विचारात घेण्यासारखी आहे. प्रात्यक्षिकांच्या सरावात तीव्र वळणावर स्टॉलची सूचना मिळणे हे नेहमीचे व क्षणिक मानले जाऊ लागले होते. प्रत्येक वेळी सूचना मिळाली, वळण चालू राहिले आणि विमान सुखरूप परतले. अशा प्रत्येक उड्डाणाने सूचनेचे महत्त्व थोडे कमी केले. धोक्याची घंटा वारंवार वाजूनही धोका उद्भवला नाही, की माणूस ती घंटा धोक्याशी न जोडता त्या हालचालीचाच एक भाग समजू लागतो. २८ जुलै रोजी सूचना पूर्वीसारखीच होती. परंतु या वेळी वेग, कल व उंची यांत सूट उरलेली नव्हती.

सुरक्षा निरीक्षकाच्या भूमिकेतूनही हाच बोध होतो. वैमानिकाचे लक्ष वळणात गुंतलेले असताना एका तिसऱ्या जाणकाराने केवळ मर्यादांवर नजर ठेवावी व गरज पडताच थांबवावे, अशी या योजनेमागील कल्पना आहे. परंतु निरीक्षकही त्याच सरावात, त्याच पद्धतीत व त्याच वैमानिकावरील विश्वासात तयार झालेला असेल, तर डोळ्यांची संख्या वाढते, दृष्टी मात्र एकच राहते. ज्येष्ठ व निष्णात सहकाऱ्यास अडविण्यास वाटणारा संकोच हा विमानचालनातील जुना प्रश्न आहे. १९७० नंतरच्या दशकांत उड्डाणकक्षातील सहकार्याचे जे शिक्षण रूढ झाले, ते मुख्यतः हा संकोच दूर करण्यासाठीच होय.

पूर्वीचे साम्य असलेले उदाहरण : या अपघातापूर्वी सोळा वर्षे, २४ जून १९९४ रोजी, वॉशिंग्टन राज्यातील फेअरचाइल्ड हवाई तळावर बी-५२ हे बाँबफेकी विमान असेच प्रदर्शनाच्या सरावात कोसळले होते. तेथेही कमी उंचीवर तीव्र वळण घेताना विमान स्टॉल झाले व चौघे अधिकारी ठार झाले. त्या वैमानिकाने पूर्वीही अनेकदा मर्यादांचे उल्लंघन केले होते आणि वरिष्ठांना त्याची माहिती असूनही परिणामकारक कारवाई झालेली नव्हती. लष्करी शिक्षणसंस्थांत हे उदाहरण नेतृत्वाच्या अपयशाचा नमुना म्हणून शिकविले जात असे. एल्मेंडॉर्फ येथील घटनेने एक गोष्ट दाखवून दिली. एखादा धडा अभ्यासक्रमात असणे आणि तो रोजच्या कामकाजात उतरलेला असणे या भिन्न गोष्टी आहेत.

वाहतूक विमानांचे इतर सरावकालीन अपघात : सैनिकी वाहतूक विमानांना शत्रूच्या रडारपासून लपत खालून उडणे, एकामागोमाग रांगेत जाणे, अंधारात व अपुऱ्या धावपट्टीवर उतरणे, छत्रीधारी सैनिक व माल सोडणे अशी कामे करावी लागतात. युद्धप्रसंगी ती जमावीत म्हणून शांततेच्या काळात त्यांचा सराव आवश्यक असतो व त्यातील धोका पूर्णपणे नाहीसा करता येत नाही.

१५ मार्च २०१२ रोजी ‘कोल्ड रिस्पॉन्स’ या लष्करी सरावात भाग घेणारे नॉर्वेच्या हवाई दलाचे सी-१३०जे विमान एव्हेनेस येथून स्वीडनमधील किरूना येथे जात असताना केब्नेकाइसे या स्वीडनमधील सर्वोच्च पर्वतावर आदळून पाच अधिकारी मृत्युमुखी पडले. विमानास ज्या पातळीपर्यंत खाली येण्याची अनुमती मिळाली होती, ती पातळी त्या भूप्रदेशावर सुरक्षित नव्हती. ही गोष्ट कर्मचारी किंवा हवाई वाहतूक नियंत्रक यांपैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. या अपघाताची चौकशी स्वीडनच्या नागरी अपघात-अन्वेषण संस्थेने केली. तिने व्यक्तींपेक्षा कार्यपद्धतींतील उणिवांवर भर दिला.

भारतीय हवाई दलाचे सी-१३०जे विमान २८ मार्च २०१४ रोजी आग्रा येथून निघून दुसऱ्या विमानासह कमी उंचीवरील उड्डाणाचा सराव करीत असताना ग्वाल्हेरच्या पश्चिमेस कोसळले व पाचही कर्मचाऱ्यांना वीरगती प्राप्त झाली. पुढील विमानाच्या पंखांमागे निर्माण होणाऱ्या हवेच्या आवर्तांत मागील विमान सापडल्याचे कारण पुढे आले. जड विमानाच्या पंखांच्या टोकांपासून निघणारे हे आवर्त डोळ्यांस दिसत नाहीत आणि हळूहळू खाली उतरत मागे रेंगाळतात. पुरेशी उंची असल्यास त्यांत सापडलेले विमान सावरता येते. जमिनीजवळ तेवढा वाव नसतो.

या तिन्ही अपघातांची तात्कालिक कारणे भिन्न आहेत : एकात स्टॉल, दुसऱ्यात पर्वत, तर तिसऱ्यात आवर्त. तथापि विमान आणि जमीन यांमधील अंतर हाच चुकीच्या दुरुस्तीसाठी मिळणारा अवधी असतो आणि तो आधीच खर्च झालेला असल्यास कौशल्याचा उपयोग होत नाही, हे सूत्र तिन्हींत समान आहे.

महत्त्व : सराव हा युद्धातील हानी टाळण्यासाठी असतो. त्यामुळे त्यातील जोखीम स्वीकारताना तिच्यापासून कोणता लाभ होणार, हा प्रश्न अग्रक्रमाने विचारावा लागतो. कमी उंचीवरील उड्डाण किंवा रात्रीचे अवतरण यांचा युद्धात प्रत्यक्ष उपयोग असतो. प्रेक्षकांसाठी घेतलेल्या आखूड वळणाचा असा उपयोग मर्यादितच असतो. मंडळाने ‘चुकीच्या दिशेने वळलेली प्रेरणा’ असे जे म्हटले, त्याचा आशय हाच आहे. विमान उत्तम रीतीने दाखविण्याची इच्छा ही विमान सुरक्षित परत आणण्याच्या कर्तव्यावर मात करू लागली होती.

सी-१७ चे उत्पादन २०१५ मध्ये थांबले, तोपर्यंत २७९ विमाने तयार झाली होती. भारतीय हवाई दलात ही विमाने २०१३ पासून दाखल झाली. दिल्लीनजीकच्या हिंडन तळावरील ८१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे ती असून भारताने एकूण अकरा विमाने घेतली. हिमालयातील उंच धावपट्ट्यांवर सैनिक व सामग्री पोहोचविणे, आपत्तीत मदत नेणे आणि परदेशांतील नागरिकांस परत आणणे या कामी त्यांचा उपयोग केला जातो. विरळ हवेत उचल आधीच कमी मिळते व दऱ्यांत वळण्यास जागा थोडी असते. त्यामुळे एल्मेंडॉर्फ येथील एका मिनिटाच्या उड्डाणाने शिकविलेले नियम तेथे अधिकच काटेकोरपणे पाळावे लागतात. धोक्याची सूचना मिळताच ठरलेली हालचाल सोडून द्यावी आणि विमान सोडविण्याचे काम प्रथम करावे. त्याचप्रमाणे कक्षातील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीलाही थांबा म्हणण्याचा अधिकार असावा व तिने तो वापरावा.